निधनवार्तेत एक शब्द राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात माझ्या वडिलांची निधनवार्ता आली. आभारी आहोत. माहिती माझ्या भावानेच फोनवर सांगितली होती, त्यामुळे चुकांचा दोष आपल्याकडे नाही. पण वडील असते तर चष्मा लावून, लाल पेनाने तीन ठिकाणी खुणा करून त्यांनी ते कात्रण आमच्यापुढे टाकलं असतं. म्हणून हे पत्र.

पहिली खूण हुद्द्यावर. ‘निवृत्त फौजदार’ असं छापून आलंय. ते सहायक फौजदार होते. लातुरात लोक तोंडावर फौजदारसाहेब म्हणायचे, गावाकडची जुनी माणसं शेवटपर्यंत जमादारच म्हणायची. ते दोन्हीला ओ द्यायचे. पण कागदावर ‘सहायक’ राहिलेलं त्यांना चालायचं नाही. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस. खांद्यावर एक तारा चढायला त्यांना तीस वर्षांवर लागली होती. माझ्या लग्नपत्रिकेत काकांनी हौसेने ‘फौजदार’ छापून आणलं, तर ह्यांनी साडेतीनशे पत्रिका पुढ्यात घेऊन प्रत्येकीवर बारीक अक्षरात ‘सहायक’ लिहिलं. आई म्हणाली, पाहुणे हसतील. हसलेच.

दुसरी खूण वयावर. ७९ हे शाळेच्या दाखल्याचं वय. दाखल्यावर १ जून १९४६ आहे, कारण त्या काळी गुरुजी निम्म्या वर्गाला १ जूनच टाकायचे. आजीचा हिशोब वेगळा होता. रझाकारांच्या भीतीने सीमेपलीकडे बार्शीकडे पळालेलं आमचं घर पोलीस ॲक्शननंतर गावी परतलं, तेव्हा हे तिच्या कडेवर चार महिन्यांचे होते. म्हणजे १९४८. सरकारने मात्र दाखला धरून ३१ मे २००४ ला घरी बसवलं. “गुरुजींनी माझी दोन वर्षं खाल्ली,” असं ते दर १ जूनला न चुकता म्हणायचे आणि पेढे आणायचे.

तिसरी खूण ‘कडक शिस्तीचे’ ह्या शब्दांवर पडली असती की नाही, सांगता येत नाही. कदाचित आवडलेही असते. पण मी मुलगी आहे, मला ते शब्द पुरत नाहीत. ते हात उचलत नसत असं मी म्हणणार नाही, भावाला विचारा. सणावाराला घरी नसायचे. गणपती, मोहरम, शिवजयंती, नामांतराची सगळी वर्षं, सगळीकडे बंदोबस्त. माझ्या साखरपुड्याला त्यांची खुर्ची रिकामी होती, कारण २००४ च्या लोकसभेचा बंदोबस्त होता आणि निवृत्तीला महिनाभर राहिला असताना रजा मागणं त्यांना बरं वाटेना. त्याचा राग मी बरीच वर्षं धरला.

निवृत्तीनंतर ठाणं सुटलं, डायरी सुटली नाही. दोनशेपानी वहीत रोज घराची नोंद. वह्या एकोणतीस भरल्या. माझ्या भाच्याबद्दल एके ठिकाणी लिहिलंय: “१७.२० वा. नातू शाळेतून परत. उजवा गुडघा फुटलेला. विचारपूस केली, फिर्याद नाही. हळद लावून सोडून दिले.” आईबद्दल: “१३.०० वा. जेवण. भाजीत मीठ नाही. शांतता राखण्याच्या दृष्टीने बोललो नाही.” आणि जवळजवळ प्रत्येक पानावर नळ. किती वाजता आला, किती वाजता गेला, धार कशी होती. लातूरकरांना हे समजावून सांगायला नको. २०१६ च्या मार्चमध्ये शहरात टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून १४४ कलम लागलं, त्या दिवशी एकच ओळ आहे: “नोकरीत दंगलीला लावले, पाण्याला प्रथमच.” पुढे १२ एप्रिलला: “मिरजेहून दहा डब्यांची पाण्याची रेल्वे आल्याचे समजते. प्रत्यक्ष पाहिली नाही.” जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते ‘समजते’ असंच लिहायचं, हा त्यांचा नेम.

आता जे सांगायला खरं म्हणजे पत्र लिहायला बसले ते.

तेराव्यानंतर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक खिशातली वही होती, पाणी लागून फुगलेली. सप्टेंबर १९९३ ची. तेव्हा ते हवालदार होते, मी सातवीत. अनंत चतुर्दशीचा बंदोबस्त संपवून मध्यरात्रीनंतर घरी आले, पट्टा सोडून आडवे झाले आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. पोलीस लाईनीतले सगळे मैदानात. त्यांनी परत पट्टा बांधला. “लेकरं छताखाली नेऊ नको. मी जाऊलालो,” एवढंच आईला म्हणाले. परत आले ते अकराव्या दिवशी. मोरीत बसून दोन बादल्या पाणी अंगावर घेतलं आणि दीड दिवस झोपले. किल्लारीचं नाव त्यांनी आमच्यासमोर त्यानंतर काढलं नाही.

वहीत नावं नाहीत. नावं सरकारी याद्यांत गेली असणार. वहीत आहेत ती बिननावाची. दगडमातीच्या माळवदाखालून काढलेली, वरून पाऊस, लाकूड अपुरं, एकेका चितेवर कितीतरी जणांना द्यावं लागलं. ओळखायला यावं असं घरातलं कुणी उरलेलंच नाही. अशांच्या ओळी. “मुलगी, वय अंदाजे ६, डाव्या हातात हिरव्या काचेच्या दोन बांगड्या, पैकी एक तडकलेली. ओळख पटली नाही.” “पुरुष, अं. ६०, उजव्या कानात भिकबाळी. ओळख पटली नाही.” अक्षर नेहमीसारखंच वळणदार. एकतीस ओळी मोजल्या, पुढची पानं चिकटली आहेत. ती सोडवायचा मला धीर झाला नाही.

त्या दिवाळीपासून आमच्या शाळेच्या कपड्यांच्या कॉलरला आतून आई लाल दोऱ्याने नाव, आडनाव, गाव शिवायची. वर्गातल्या मुली हसायच्या. कपडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून, असं आम्हाला सांगितलेलं. मी दहावीपर्यंत ते कॉलर दुमडून लपवत राहिले. परवा वही हातात घेऊन आईला विचारलं, तर म्हणाली, “तुला आत्ता कळूलालंय होय?”

संपादकमहोदय, वार्ता पुन्हा छापू नका, जागा दुसऱ्या कुणाला लागेल. ‘सहायक’ एवढं मात्र कुठे तरी येऊ द्या.

एकोणतिसाव्या वहीतली त्यांच्या हातची शेवटची नोंद अशी: “१९.४० वा. उद्या नळ सुटणार असे समजते. खात्री करणे.” दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही. आलं ते ते गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी, घर माणसांनी भरलेलं असताना. आईने पहिल्यांदा घड्याळाकडे पाहिलं, मग नातवाला हाक मारून वही आणायला लावली. “०६.०५ वा. पाणी आले. धार बारीक.”

आपली,
एक वाचक, लातूर
(नाव दिलेलं नाही. वडिलांचं आपण छापलंच आहे.)