एक संच पाण्यात पडला आणि सगळे मुके झाले

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: पाण्यात पडल्यावर बटण अडकलेला वॉकीटॉकी, नाकारलेली वॉरंटी आणि माहितीपत्रकातली धोकादायक चूक

महोदय,

मी कोल्हापुरातल्या एका तालमीचा कार्यकर्ता. पूर आला की आमची पोरं चिखली-आंबेवाडीकडे नावा घेऊन जातात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. वीज नव्हती, फोन लागत नव्हते, पुढच्या गल्लीतल्या नावेला हाक ऐकू जाईना. म्हणून यंदा वर्गणी काढून तुमच्या कंपनीचे सहा वॉकीटॉकी घेतले. खोक्यावर 'आयपी ६७' छापलंय, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जायला नको.

जूनमध्ये नदीत सराव ठेवला होता. नावेत चढताना एक संच कमरेएवढ्या पाण्यात पडला. दोन मिनिटांत काढला, पुसला, पट्ट्याला अडकवला. त्याचा लाल दिवा विझेना हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बोलायचं बटण आत रुतून बसलं होतं आणि तो संच सतत प्रक्षेपण करत होता. एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. त्यामुळे बाकी पाचही संचांवर फक्त खरखर. नेमकी त्याच वेळी दुसऱ्या नावेच्या इंजिनाच्या पंख्यात जुनं जाळं गुंतलं, इंजिन बंद पडलं आणि नाव प्रवाहाबरोबर बंधाऱ्याकडे निघाली. तिच्यातली दोन पोरं बटण दाबून ओरडत होती, ऐकायला कुणी नाही. घाटावरच्या एकाला त्यांचे हलणारे हात दिसले म्हणून दोर टाकून ओढता आलं. रात्र असती तर? हा विचार अजून झोपू देत नाही.

संच तुमच्या सर्व्हिस सेंटरला दिला. उत्तर आलं, "पाण्याने बिघडलेला संच वॉरंटीत बसत नाही." मग खोक्यावर आयपी ६७ कशासाठी छापलं? तिथल्याच कारागिराने संच उघडून बटणाखालचं रबर जागेवरून सरकलेलं दाखवलं. बटण अडकलं तरी ठरावीक वेळेनंतर प्रक्षेपण तोडणारा टाइम-आउट टायमर या संचात नाही. तो असता तर एका संचाने सगळ्यांचा आवाज बंद केला नसता.

दुसरी गोष्ट मला याहून गंभीर वाटते. माहितीपत्रकात लिहिलंय, "पाण्यावर संकटात चॅनेल १६ वर मदत मागा." समुद्रावरचं संकटाचं चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. तुमचा संच परवाना न लागणाऱ्या ४४६ मेगाहर्ट्झचा. त्यातलं १६ हा नुसता क्रमांक आहे, तिथे तटरक्षक दल ऐकत बसलेलं नाही. बुडणारा माणूस यावर विसंबला तर तो उत्तराची वाट बघत राहील.

सहाही संच बदलून द्या किंवा पूर्ण पैसे परत करा. आयपी ६७ च्या चाचणीचा अहवाल लेखी पाठवा. चॅनेल १६ ची ओळ काढा आणि ज्यांनी आधी संच घेतलेत त्यांनाही कळवा. आमच्यापुरतं मिटवून चालणार नाही. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर बिल, खोकं आणि बिघडलेला संच घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

पाऊस सुरू झालाय. उरलेले पाच संच मी कपाटात कुलूपबंद ठेवलेत, पोरांच्या हातात सध्या शिट्ट्या दिल्यात.

आपला,
एक ग्राहक, कोल्हापूर