नारिंगी टोपणावर विसंबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खेळण्यातल्या बंदुकांवर सरसकट बंदी घालावी, अशी मागणी करणारे पत्र आपल्या सदरात वाचले. त्यामागची काळजी पटते, मागणी मात्र पटत नाही. खेळण्यातली बंदूक म्हणजे कोणती, हे सगळ्यांना ठाऊकच आहे असे पत्रलेखकांनी धरून चालले आहे आणि सगळी मेख तिथेच आहे. जगभरचे कायदे या एका प्रश्नावर अडखळले आहेत. एका देशात जी वस्तू खेळणे ठरते, तीच दुसऱ्या देशात बाळगली तर तुरुंगवास होतो.

आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाची व्याख्या पाहा. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली कोणतीही वस्तू म्हणजे शस्त्र, इतकी ती ऐसपैस आहे. मग त्यातून लाठी, साधी हातातली काठी अशा वस्तू वगळल्या आहेत. त्यांच्या पाठोपाठ, खेळण्याखेरीज ज्यांचा दुसरा उपयोग होऊ शकत नाही आणि ज्यांचे चालू शस्त्रात रूपांतर करता येत नाही, अशी शस्त्रेही वगळली आहेत. मला या मसुदा लिहिणाऱ्याचे कौतुक वाटते. ती वस्तू कशी दिसते हे त्याने विचारलेच नाही. तिच्याने काय करता येईल आणि तिचे पुढे काय बनवता येईल, एवढेच विचारले. याच कायद्याच्या कलम ६ प्रमाणे नकली बंदुकीची खरी बंदूक करायला परवाना लागतो. तिथे नकली बंदुकीचा अर्थही दिला आहे : बंदुकीसारखे दिसणारे काहीही, मग त्यातून गोळी सुटो वा न सुटो.

म्हणजे एकाच कायद्यात दोन कसोट्या आल्या, एक रूपाची आणि एक क्षमतेची. यांची गल्लत झाली की घोटाळे सुरू होतात.

अमेरिकेने रूपाची वाट धरली. तिथल्या १९८८ च्या कायद्याने खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीच्या तोंडाला भडक नारिंगी टोपण सक्तीचे केले. ते नको असेल तर अख्खी बंदूक पारदर्शक किंवा भडक रंगाची हवी. ऐकायला ठीक वाटते. पण छर्रे मारणाऱ्या पारंपरिक एअरगन आणि पेंटबॉलच्या बंदुका याच नियमातून वगळल्या आहेत! ज्या बंदुकीतून काहीच सुटत नाही तिला टोपण, आणि जिच्या छर्ऱ्याने डोळा जाऊ शकतो ती मात्र हुबेहूब खऱ्यासारखी काळी असली तरी चालते. शिवाय हा नियम बनवणाऱ्याला, आयात करणाऱ्याला आणि विकणाऱ्याला लागू आहे. घरी आणल्यावर टोपण उपटून फेकायला चिमटासुद्धा लागत नाही.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलँड शहरात २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये १२ वर्षांच्या एका मुलाच्या हातात अशीच टोपण नसलेली एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारणारी, पिस्तूल होती. पोलिसांना फोन करणाऱ्याने बंदूक बहुधा नकली असावी असे सांगितले होते, पण ते नियंत्रण कक्षातून घटनास्थळी निघालेल्या पोलिसांपर्यंत पोचलेच नाही. गाडी थांबल्यावर दोनेक सेकंदांतच गोळी झाडली गेली. पुढे शहराने कुटुंबाला ६० लाख डॉलरची भरपाई दिली. गोळी झाडणाऱ्यावर खटला उभा राहिला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच ओहायो राज्यातल्या एका मोठ्या दुकानात, विक्रीला ठेवलेली छर्ऱ्यांची रायफल उचलून फोनवर बोलत फिरणारा एक तरुण पोलिसांच्या गोळीने मेला. त्या राज्यात खरी बंदूक उघडपणे घेऊन फिरायलाही कायद्याची मनाई नव्हती. म्हणजे त्याच्या हातातली रायफल नकली असली काय आणि खरी असली काय, ती हातात धरणे हा गुन्हा नव्हताच. त्या वेळी रंगाच्या नियमाने कोणाचे रक्षण केले?

आता याची उलट बाजू. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याने हुबेहूब नकली बंदुकांचे उत्पादन, आयात आणि विक्री बंद केली. भडक लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी, गुलाबी, जांभळी, निळी किंवा पारदर्शक बंदूक मात्र चालते. या सवलतीतून तुर्की बनावटीची ब्लँक पिस्तुले, म्हणजे फक्त बार उडाल्याचा आवाज करणारी पिस्तुले, आत आली. रंग भडक असल्याने ती कायदेशीर होती आणि १८ वर्षांपुढच्या कोणालाही विनापरवाना मिळत होती. गुन्हेगारांनी ती काळी रंगवली, नळीतला अडथळा काढला आणि त्यांतून खऱ्या गोळ्या झाडल्या. शेवटी २०२५ च्या फेब्रुवारीत चार ब्रँडची पिस्तुले जमा करायला लोकांना मुदत द्यावी लागली आणि त्यानंतर ती बाळगणे गुन्हा झाले. तिथे २०१० मध्येही दुसऱ्या एका ब्लँक पिस्तुलाबाबत हेच घडले होते. बँकॉकच्या गजबजलेल्या मॉलमध्ये २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये १४ वर्षांच्या मुलाने गोळीबार केला, तोही असेच बदल केलेल्या ब्लँक पिस्तुलाने. यांतली एकही वस्तू खेळणे म्हणून विकली गेली नव्हती. आपल्या पत्रलेखकांनी मागितलेली बंदी उद्या आली, तरी ही पिस्तुले तिच्यातून अलगद निसटतील आणि पिचकाऱ्या तेवढ्या पकडल्या जातील.

रंगावर विसंबणे किती पोकळ आहे, याचा मासला २०२१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका कंपनीने दाखवला. तिने खऱ्या ग्लॉक पिस्तुलावर लाल, पिवळ्या, निळ्या ठोकळ्यांचे कवच चढवून ते विकायला काढले. पिस्तूल दिसायला थेट लेगोचे खेळणे. लेगो कंपनीने नोटीस धाडल्यावर विक्री थांबली. पण भडक रंग म्हणजे खेळणे, हे समीकरण ज्या पोलिसाच्या डोक्यात पक्के बसवले आहे, त्याने अशा वेळी काय करायचे? काळे खेळणे पाहून तो गोळी झाडणार आणि रंगीत पिस्तूल पाहून बेसावध राहणार.

क्षमतेची कसोटी त्यामानाने बरी, पण तिच्यातही आकड्यांचा सावळागोंधळ आहेच. ०.२ ग्रॅमचा प्लास्टिकचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला की त्याची ऊर्जा बरोबर १ ज्यूल (ऊर्जा मोजण्याचे एकक) भरते. जर्मनीत खेळण्याची मर्यादा ०.५ ज्यूल. जपानमध्ये ६ मिलिमीटरच्या छर्ऱ्याला साधारण ०.९८ ज्यूल. ब्रिटनमध्ये प्राणघातक बंदुकीची पायरी १ ज्यूलपासून सुरू होते, मात्र एअरसॉफ्टला वेगळी सूट आहे : सलग मारा करणारीला १.३ आणि एकेक छर्रा मारणारीला २.५ ज्यूल. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपर्यंतची आणि ०.१७७ इंचापर्यंतच्या नळीची एअरगन परवान्याशिवाय चालते. ऑलिंपिकमधली १० मीटर एअर रायफल याच ४.५ मिलिमीटर छर्ऱ्याची असते, तेव्हा ही सूट अगदीच निराधार नाही. पण २० ज्यूलची बंदूक कोणत्याही अर्थाने खेळणे नव्हे, आणि डोळ्याला तर त्याचा विसावा हिस्साही पुरतो.

सगळ्यात मजेशीर नमुना कॅनडाचा. तिथे खऱ्या बंदुकीची हुबेहूब नक्कल, जी स्वतः बंदूक म्हणण्याइतकी ताकदवान नाही, ती निषिद्ध वस्तू ठरते. त्यामुळे कमी वेगाची, खऱ्यासारखी दिसणारी एअरसॉफ्ट पिस्तूल आयात करता येत नाही आणि तिच्याहून जोरात मारणारी, अगदी तशीच दिसणारी पिस्तूल मात्र बिनदिक्कत आणता येते. दुबळी म्हणून बंदी, बलवान म्हणून मोकळीक! रूप आणि क्षमता एकाच वाक्यात कोंबल्यावर दुसरे काय होणार?

माझे म्हणणे असे की हे दोन प्रश्न कायद्याने तोडून वेगळे करावेत. वस्तू बनवणे, विकणे आणि बाळगणे यांपुरते तिचे रूप बाजूला ठेवावे. तिथे ऊर्जा किती आणि रूपांतर किती सोपे, एवढेच पाहावे. याउलट, त्या वस्तूचा धाक दाखवून कोणी लुटले, धमकावले, तर तिची क्षमता बाजूला ठेवावी. समोर नळी रोखलेली असताना कोणी तिचे ज्यूल मोजत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये बँक लुटीच्या एका खटल्यात, गोळ्या न भरलेली पिस्तूलही घातक शस्त्रच होय, असा निकाल दिला. तिच्या दर्शनाने पसरणारी भीती हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. ब्रिटनच्या कायद्यातही नकली बंदुकीच्या बळावर अटक टाळू पाहणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. अर्थात यालाही सीमा आहे. तिथले तेव्हाचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे २००५ मध्ये असा खटला आला की आरोपीने जाकिटाच्या आत बोट ताठ धरून बंदूक असल्याचा आव आणला होता. माणूस स्वतःचे बोट 'बाळगू' शकत नाही, ते त्याच्यापासून वेगळे नाही, असे म्हणून न्यायमूर्तींनी त्याला नकली बंदुकीच्या आरोपातून सोडले. लुटीचा गुन्हा अर्थातच कायम राहिला. कायदा नेमका असावा तर असा.

या दोन्हींच्या मधली जागा म्हणजे काही गुन्हा न करता, खरी वाटणारी नक्कल घेऊन चारचौघांत हिंडणे. त्यासाठी जर्मनीने २००८ मध्ये घेतलेला मार्ग मला रास्त वाटतो. अशी वस्तू सार्वजनिक जागी मिरवायची नाही. न्यायचीच तर बंद पेटीतून न्यायची. नाटक, चित्रीकरण यांना सूट आहे. हा नियम खरेदीवर किंवा घरातल्या खेळावर बोट ठेवत नाही. शिक्षाही दंडाची आहे, तुरुंगाची नाही, आणि हे महत्त्वाचे, कारण असे पकडले जाणारे बहुतेक जण पोरेसोरेच असणार. नियंत्रण कक्षात आलेली 'बहुधा नकली आहे' ही माहिती पुढे पोचवण्याची सक्ती तर कोणताही कायदा न बदलता, साध्या आदेशानेही करता येईल.

राहिला रूपांतराचा प्रश्न. आपल्या कायद्यातले 'रूपांतर करता येणार नाही' हे शब्द चांगले आहेत, पण अपुरे आहेत. लेथ मशीन आणि कसबी हात मिळाले तर लोखंडी नळाचेही शस्त्र होते. मग न्यायालयाने रेघ कुठे मारायची? ब्रिटनच्या १९८२ च्या कायद्याने याची कसोटी दिली आहे. बंदुका बनवण्याचे खास कौशल्य नसलेल्या माणसाला, घरदुरुस्तीला लोक वापरतात तेवढ्याच हत्यारांनी ती नक्कल चालू बंदुकीत बदलता आली, तर तिला बंदूकच समजायचे. तिथल्या ब्लँक पिस्तुलांवरची कारवाई याच कसोटीवर झाली. दोष इतकाच की तपासणी माल बाजारात येऊन गेल्यावर झाली. नळी ठिसूळ धातूची आहे की पोलादी, आतला अडथळा नळीबरोबरच ओतलेला आहे की नुसता ठोकून बसवलेला, हे प्रयोगशाळेत आधीच पाहता येते. आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, म्हणजे पिचकारीसुद्धा तपासून घेतली जाते. मग ब्लँक पिस्तूल आणि धातूच्या नकला यांना विक्रीपूर्वीच्या अशाच सक्तीच्या तपासणीतून का नेऊ नये? पत्रलेखकांना बंदीच हवी असेल तर त्या तपासणीत नापास होणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ती जरूर यावी, मग तिचा रंग गुलाबी का असेना.

आपला,
एक वाचक