शेजारच्या काकांना, मनापासून

प्रिय काका,
सा. न.

त्या संध्याकाळी तुमच्यासमोर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

चिपळूणचा जुलै. लाइट सारखी ये-जा करत होती, आणि पोरीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. दुपारी नेट रेंगाळायला लागलं तेव्हा मी टाचणी घेऊन राउटरचं रीसेट बटण दाबलं. त्यानंतर वाय-फाय पूर्ण दिसायचं, पण खाली ‘इंटरनेट नाही’. पुन्हा रीसेट, पुन्हा तेच. असं तीनदा केलं. मोबाइलची रेंज आमच्याकडे खिडकीपाशी एखादी कांडी. तक्रार नोंदवली तर म्हणाले, दोन दिवसांनी माणूस येईल. पोर कोपऱ्यात गप्प बसून होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

तुम्ही भिजत आलात आणि राउटरला हातही लावला नाहीत. बाहेरची लाइन घरात येते त्या फायबरच्या डब्यावरचे दिवे पाहिलेत: पॉनचा (लाइन जोडल्याचा) हिरवा स्थिर, लॉसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल बंद. ‘म्हणजे लाइन शाबूत आहे,’ म्हणालात. खिशातून पिवळी वायर काढून लॅपटॉप थेट त्या डब्याला जोडलात आणि नेट सुरू झालं. मी लगेच राउटरकडे वळले, तर तुम्ही थांबवलंत. ‘अगं, आधी लेकीचा फॉर्म. बिघाड कुठे पळून जात नाही.’ तासभर तुम्ही ओल्या कपड्यांनी पडवीत बसलात. फॉर्म कन्फर्म झाल्याचं तिने ओरडून सांगितलं, मगच आत आलात. काका, मला आजही सगळ्यात जास्त आठवतं ते हेच.

मग तुम्ही माझ्याकडून एक कागद भरून घेतलात. लॅपटॉप डब्याला थेट जोडून त्यावर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली, डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा पत्ता, आला १९२.१६८.१.१. राउटरमधून जोडून तीच आज्ञा दिली, तरी तोच आकडा. मला काही उमगलं नाही. तुम्ही म्हणालात, ‘राउटरने बाहेर जाणारी चिठ्ठी या पत्त्यावरच्या डब्याकडे सोपवायची असते. पण हा पत्ता त्याचा स्वतःचाही आहे. मग तो ती बाहेर देणार कुणाला?’ पहिल्यांदा राउटर बसवणाऱ्याने त्याचा पत्ता बदलून ठेवला होता. रीसेट केल्यावर तो कारखान्यातल्या मूळ पत्त्यावर गेला. म्हणजे दर वेळी टाचणी टोचून मीच तो बिघाड नव्याने घालत होते! हे सांगताना तुमच्या आवाजात दोष देण्याचा लवलेश नव्हता.

दुरुस्ती पाच मिनिटांची होती. ती मात्र तुम्ही माझ्याच हातून करवून घेतलीत. राउटरची डब्याकडे जाणारी वायर काढायची, ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकून राउटरच्या पानात शिरायचं, लॅन (घरातल्या नेटवर्कच्या) सेटिंगमध्ये राउटरचा नवा पत्ता १९२.१६८.२.१ लिहायचा, सेव्ह करायचं, राउटर परत सुरू झाला की वायर जोडायची. लॉगिनचा ‘अॅडमिन’ हा आयता पासवर्डही बदलायला लावलात. माजघरात नेट आलं तेव्हा आईने देवाला हात जोडले.

टेलिफोन खात्यात तुम्ही उभी हयात जोडण्या करण्यात घालवलीत. मी पैशांचं विचारलं तर रागावलात, म्हणून तो विषय पुन्हा काढत नाही. नवीन पत्ता आणि तारीख लिहिलेली तुमच्या अक्षरातली चिठ्ठी राउटरखाली चिकटवली आहे. टाचणी शिवणाच्या डब्यात परत गेली.

तुमची पिवळी वायर अजून आमच्याकडेच आहे. रविवारी लेक आणून देईल. आई अळूवड्या करणार आहे, काकूंनाही सांगा.

तुमची,
समोरच्या घरातली