डाळिंबाचा एक दाणा

पुणे, १२ जुलै

प्रिय सुमन,

गणपतीनंतर तुला माझे पत्र नाही. तुझी दोन पत्रे आली, दोन्ही उशाशी ठेवली आणि उत्तर दिले नाही, याची मला मनापासून लाज वाटते. गुडघा आहे तसाच आहे, गोळ्या चालू आहेत. आज लिहिते आहे, कारण जे घडले ते दुसऱ्या कुणाला सांगायचे तर आधी अर्धा तास ग्रीक पुराण सांगत बसावे लागेल.

मनू मे महिन्यात येऊन गेली. जाताना तिने पाताळाचा राजा हेडीज आणि धान्यदेवता डिमीटरची मुलगी पर्सेफनी यांच्या प्रेमाची एक इंग्रजी कादंबरी माझ्यासाठी ठेवली. अशा कादंबऱ्यांनी तिचे कपाट भरले आहे : अकिलीज आणि पॅट्रोक्लस, सर्सी, मेडुसा. या कादंबरीतल्या पर्सेफनीला कुणी पळवून नेत नाही. आईच्या पहाऱ्याला कंटाळून ती स्वतःच्या पायांनी पाताळात उतरते. हेडीज एकाकी, अबोल, शब्दाला जागणारा आहे. डिमीटर मात्र मुलीला कुलपात ठेवणारी बाई आहे. एके ठिकाणी ती ओरडते की, मी हे सगळे तुझ्यासाठीच केले. त्या ओळीखाली पेन्सिलीच्या दोन रेघा आहेत आणि समासात, मनूच्या त्या डावीकडे कललेल्या अक्षरात, एकच शब्द आहे : आई.

मार्चमध्ये तिने त्या मुलाबद्दल सांगितले, तेव्हा फोनवर मी हेच वाक्य बोलले होते.

कथा बदलली म्हणून माझी तक्रार नाही. होमरने अकिलीज आणि पॅट्रोक्लस यांना कुठेही प्रियकर म्हटलेले नाही. ते नाटककार एस्किलसने केले. डिमीटर-स्तोत्रात, आपल्या त्या जुन्या ग्रीक काव्यात, पर्सेफनी वर्षाचा तिसरा हिस्सा पाताळात राहते, रोमन कवी ऑव्हिडने त्याचे अर्धे वर्ष केले आणि डाळिंबाच्या एका दाण्याचे सात दाणे केले. देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्यासाठी आपण दोघी किती रडलो होतो, तेव्हा मूळ महाभारतात काय आहे हे आपण कुठे विचारले होते? ज्या मुलीला बापाने परस्पर आपल्या भावाला देऊन टाकले, तिला आज कुणी स्वतःची इच्छा देत असेल, तर मला त्याचा आनंदच आहे. पण मुलीला इच्छा मिळावी म्हणून आईला तुरुंगाधिकारी का व्हावे लागते, हे मला कळत नाही. स्तोत्रातली डिमीटर हातात मशाली घेऊन नऊ दिवस अन्नावाचून, आंघोळीवाचून पृथ्वीभर फिरते. कादंबरीत त्या नऊ दिवसांना एक ओळही नाही. हे मला फार लागले.

आपले भांडण तुला आठवत असेल. मायलेकींची भेट होते, डिमीटर मुलीला मिठीत घेते आणि विचारते, खाली काही खाल्लेस तर नाहीस ना? खाल्ले असेल तर तिला पुन्हा पाताळात जावे लागणार. (आपल्या आया 'जेवलीस का' विचारतात, आणि इथे एक आई उलट उत्तराची वाट पाहते, यावर तू वर्गात केवढी हसली होतीस!) पर्सेफनी सांगते की त्याने बळजबरीने दाणा भरवला. तू म्हणालीस, बळजबरी हा शब्द कवीचा नाही, मुलीचा आहे; कवी एवढेच म्हणतो की हेडीजने तो चोरून दिला. तू त्या पोरीला खोटी ठरवतेस, असे म्हणून मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही. शेवटी तूच डबा घेऊन आलीस आणि म्हणालीस, एका दाण्याने कुणाचे पोट भरते, चल, जेव.

आता वाटते, तुझे बरोबर असेल. आईला सोसेल तेवढेच ती सांगत असेल. मनूने मला मार्चमध्ये सांगितले, पण ती दोघे त्याआधी दीड वर्ष एकत्र राहत होती. ती मला घाबरत होती का? लहानपणी ताप आला तरी आधी माझ्याकडे धावणारी पोर माझ्यापासून गोष्टी राखून ठेवायला कधी शिकली, आणि मी तेव्हा काय करत होते? रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी हेच उगाळत असते.

ती नेदरलँड्समध्ये लायडनला आहे, हे तुला माहीत आहे. ते स्तोत्र आज जवळजवळ पूर्ण मिळते ते ज्या एकाच हस्तलिखितामुळे, ते १७७७ साली मॉस्कोत सापडले आणि आता लायडनच्याच विद्यापीठात आहे. मनूच्या खोलीपासून ते सायकलच्या अंतरावर असेल, आणि तिने स्तोत्र वाचलेलेच नाही.

तुझ्या घराचे रंगकाम संपले का? सासूबाईंना नमस्कार. अजयची बदली रद्द झाली हे फार चांगले झाले. सविस्तर नंतर लिहीन.

एल्यूसिसला खिन्न बसलेल्या डिमीटरला इआम्बी या दासीने थट्टा करून हसवले होते. माझ्यासाठी ते काम कायम तूच केलेस, म्हणून मागते : स्तोत्राच्या भाषांतराची आपली ती प्रत, तुझ्या हिरव्या शाईच्या नोंदींसकट, स्पीड पोस्टाने पाठव. मनूला पाठवायची आहे. बळजबरीच्या ओळीजवळ तू लिहिलेले खोडू नकोस.

तुझी,
वसू