जुन्या हॉटेलांचा इतिहास मराठीतही वाचता यावा

महोदय,

गेल्या महिन्यात मुलीच्या मुलाखतीसाठी मुंबईस गेलो असता दक्षिण मुंबईतील एका जुन्या वारसा हॉटेलात दोन रात्री मुक्काम घडला. सागवानी जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, लोखंडी जाळीच्या दाराची लिफ्ट अजून चालू; परंतु भिंतीवरील माहितीफलकांत मराठीची एक ओळही नव्हती, याचे फार वाईट वाटले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले, त्या पैशातून मुंबई वाढली आणि त्यात आमच्या वऱ्हाडच्या कापसाचाही वाटा होता. त्याच दशकात काळा घोडा परिसरात, इंग्लंडहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर वॉटसन हॉटेलची इमारत उभी राहू लागली. तेथेच ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम दाखवली गेली. आज तिची दुरवस्था पाहवत नाही. १९०३ साली सुरू झालेले ताजमहाल हॉटेल मात्र, माझ्या मते पाहुण्यांचा राबता कायम राहिल्यामुळेच, दिमाखात उभे आहे. शासनाने वॉटसनच्या इमारतीची दुरुस्ती मार्गी लावावी आणि वारसा हॉटेलांत मराठी माहितीफलक सक्तीचे करावेत, ही विनंती.

– एक कापूस उत्पादक, ता. दर्यापूर, जि. अमरावती