फ्लॅश विकू नकोस

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, रात्री

प्रिय मिलिंद,

साखरपुड्याचे तुझे सगळे फोटो मोठ्या स्क्रीनवर एकेक करून पाहिले. स्टेज तेच, तुझी जागा तीच, तरी एका फोटोत मुलीचा चेहरा पांढराफटक आणि लगेच पुढच्यात काळवंडलेला. फ्लॅश बिघडलाय, विकून नवा घेतो म्हणतोस. मिल्या, विकू नकोस. फ्लॅश ठणठणीत आहे. तो टीटीएलवर होता, एवढंच.

टीटीएलमध्ये खरा फ्लॅश उडायच्या आधी एक बारीक चमक जाते. समोरून ती जेवढी परत येते तेवढी कॅमेरा लेन्समधून मोजतो आणि त्यावरून फ्लॅशचा जोर ठरवतो. समोर पांढरं जास्त असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, काळं असलं की वाटतं कमी पडला. फोटोतल्या त्या मुलीच्या शेजारी कधी पांढऱ्या झब्ब्यातला नवरा होता, कधी गडद शालू नेसलेली आत्या. तेवढ्यावर सगळं हललं.

माझंही एका लग्नात हेच झालं होतं. कर्वे रस्त्यावरचं कार्यालय, सकाळचा मुहूर्त. मंगलाष्टकं चालू होती, मधे पांढराशुभ्र अंतरपाट, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. निम्मी फ्रेम त्या कापडानंच भरलेली, त्यामुळे कॅमेऱ्यानं फ्लॅश आवरता घेतला आणि नवरीचा चेहरा अंधारात गेला. शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट निघाला, आणि आता तिच्या मागे काळ्या कोटातले मामा. फ्लॅश जोरात उडाला. हार घालतानाचा तिचा चेहरा, नथीचे मोती, मुंडावळ्या, सगळं एकजात पांढरं. रॉ फाइलमधूनही, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमधूनही, काही परत आलं नाही. अल्बम बघताना तिच्या आईचा हात त्या पानावर थांबला होता. त्या काही बोलल्या नाहीत.

तेव्हापासून विधींच्या वेळी माझा फ्लॅश मॅन्युअलवर असतो, म्हणजे जोर मी हातानं ठरवतो. समोर काय रंग आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पूर्ण जोराच्या १/८ सांगितलं की दर वेळी १/८च देणार. मग उरतं ते अंतर, आणि तिथेच बहुतेक जण फसतात. २ मीटरवर जेवढा उजेड पडतो त्याच्या निम्मा २.८ मीटरवर पडतो आणि ४ मीटरवर फक्त पाव. म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवून तू एक मोठं पाऊल मागे सरलास की एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, गेलाच. लेन्सजवळून उडणाऱ्या अक्षता फोटोत पांढरे ठिपके होऊन येतात ना, त्यामागचं गणितही हेच.

म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरव. स्टँडवर लाव आणि ट्रिगरनं, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या रिमोटनं, उडव. आता अंतर मोजायचं ते स्टँडपासून माणसापर्यंत. तू पुढे जा, मागे ये, खुर्चीवर चढ, चेहऱ्यावरचा उजेड तोच राहतो. हे मला कळलं त्या दिवशी डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं होतं.

माझ्या स्टँडला एक सुतळी बांधलेली आहे. तिला तीन गाठी आहेत: २, २.८ आणि ४ मीटरवर. उजेड मऊ करणारी छत्री लावून, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ४०० आणि १/८ जोर ठेवला की लेन्सच्या तोंडाचा आकडा पहिल्या गाठीला एफ/८, दुसरीला एफ/५.६ आणि तिसरीला एफ/४ बरोबर बसतं. अंतराला एफच्या आकड्यानं गुणलं की दर वेळी १६च्या आसपास येतं. गाइड नंबर म्हणतात तो हाच. तुझ्या फ्लॅशचा आकडा वेगळा येईल, तो तूच काढ. गुरुजी मांडामांड करत असतात तेवढ्यात मी पाटापर्यंत सुतळी ताणतो, एखाद्या करवलीला उभं करून एक फोटो काढतो, हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघतो. नंतर स्टँडला कुणाला हात लावू देत नाही.

कार्यालयाचं छत पांढरं आणि बेताच्या उंचीचं असेल तर फ्लॅश छताकडे वळवून बाउन्स कर, सुंदर उजेड येतो. पण तेव्हा उजेड छतापर्यंत जाऊन परत येतो, म्हणून जोर चांगलाच वाढवावा लागतो. लॉन्सवर छतच नसतं, तिथे छत्रीच.

तुझ्या फोटोंची माहिती उघडली तर आयएसओ ऑटोवर दिसला. तो आधी बंद कर, नाहीतर मॅन्युअल करूनही उपयोग नाही. १८-५५ लेन्स झूम केली की एफ/३.५ चं एफ/५.६ होतं, म्हणून पहिल्यापासून एफ/५.६ च ठेव. फ्लॅशच्या डोक्याचा झूमही ऑटोवर नको. शटर १/१६० ठेव. ते त्याहून हळू केलंस तर मागचा हॉल जास्त उजळेल, फ्लॅशचा उजेड हलणार नाही.

सेलचंही सांगतो. बऱ्याच फ्लॅशचा तयार असल्याचा दिवा पूर्ण चार्ज व्हायच्या थोडा आधीच लागतो. पूर्ण जोरावर भराभर काढलंस की दुसरा-तिसरा फोटो डार्क आलाच म्हणून समज. १/८ वर ही भीती जवळजवळ नसते. चारही सेल एकाच वेळी घेतलेले, एकत्र चार्ज केलेले हवेत.

वरातीत मात्र टीटीएलच बरा. तिथे अंतर क्षणाक्षणाला बदलतं, सुतळी कुठे ताणणार? फक्त पांढरे फेटे फ्रेममध्ये भरले की फ्लॅश कॉम्पेन्सेशन, म्हणजे टीटीएलनं ठरवलेल्या जोरावर हातानं द्यायची भर, एक स्टॉप वाढव.

उद्या घरी एवढं कर. वहिनींना भिंतीपुढे उभं करून एकदा अंगाभोवती पांढरी चादर दे, एकदा तुझा काळा कोट. दोन्ही टीटीएलवर काढ, मग जागा न हलवता दोन्ही मॅन्युअलवर. चारही फोटो न सुधारता मला पाठव. लग्न २२ ला आहे ना? २० ला संध्याकाळी मी मोकळा आहे. स्वारगेटला उतरलास की फोन कर, मी घ्यायला येतो. माझा जादा ट्रिगर आणि सुतळी दोन्ही घेऊन जा.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास