दुरुस्तीच्या हक्कात मोबाइलची प्रणालीही यावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलला कंपनीकडून मोठे अपडेट आले की त्यानंतरच्या काही दिवसांत आमच्यासारख्या दुरुस्तीच्या दुकानांत दोन प्रकारचे ग्राहक येतात. काहींचा फोन अपडेटनंतर मंदावलेला किंवा तापू लागलेला असतो आणि तो पूर्वीसारखा करून द्यावा, एवढीच त्यांची मागणी असते. दुसरे बहुतेक तरुण असतात. त्यांनी फोन आधीच रूट केलेला असतो, अपडेटने ते रूट घालवलेले असते आणि ते परत मिळवण्याच्या खटपटीत फोन कंपनीच्या लोगोवर अडकून बसलेला असतो.

रूट करणे म्हणजे अँड्रॉइडच्या बुडाशी असलेल्या लिनक्स प्रणालीत सर्वोच्च अधिकार मिळवणे. त्यासाठी आधी बूटलोडरचे, म्हणजे फोन सुरू करताना प्रणाली चालू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचे, कुलूप उघडावे लागते आणि ते उघडताना फोनमधील सगळा डेटा पुसला जातो. पुढचे काम अनेक जण मॅजिस्क हे रूट करण्याचे साधन वापरून करतात. फोन सुरू होताना बूटलोडर प्रणालीचा गाभा असलेली जी फाइल, म्हणजे बूट इमेज, वाचतो, तिच्यातच ते बदल करते. त्यामुळे अपडेटबरोबर नवी बूट इमेज आली की रूट जाणारच. घोटाळा होतो तो यानंतर. जुन्या आवृत्तीसाठी तयार करून ठेवलेली फाइलच घाईने नव्या प्रणालीवर फ्लॅश केली जाते, म्हणजे संगणकावरून फोनमध्ये थेट लिहिली जाते, दोन्हींचा मेळ बसत नाही आणि फोन पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होत राहतो. सुरू झालाच तर कधी वाय-फाय लागत नाही. नव्या आवृत्तीचीच बूट इमेज घेऊन ती बदलली असती, तर यातील बहुतेक फोन दुकानापर्यंत आलेच नसते.

तरीही ज्यांच्याकडे एकच फोन आहे आणि यूपीआयचे व्यवहारही त्यावरच चालतात, त्यांनी रूटच्या वाटेला जाऊ नये, असेच मी सांगतो. बँकांची अनेक ॲप अशा फोनवर उघडत नाहीत. सॅमसंगच्या अनेक फोनांत तर अशा बदलाची खूण नॉक्स या सुरक्षा यंत्रणेत एकदा उमटली की ती पुन्हा पुसता येत नाही आणि खासगी फाइली कुलूपबंद ठेवणाऱ्या सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी कायमच्या जातात.

परंतु ज्या ग्राहकाला रूटशी काही देणेघेणे नाही आणि फक्त जुनी आवृत्ती परत हवी आहे, त्याचे काय? अनेक फोनांत आवृत्तीचा सुरक्षा क्रमांक एकदा वाढला की त्याआधीची आवृत्ती फोन स्वीकारत नाही, आणि काही फोनांत ती बळजबरीने टाकल्यास फोन कायमचा बंद पडतो. जुन्या आवृत्तीतील सुरक्षेच्या फटी पुन्हा उघडू नयेत, हे यामागील कारण मला पूर्ण मान्य आहे. मात्र ‘आता मागे येता येणार नाही’ हे अपडेटचे बटण दाबण्यापूर्वी ठळकपणे सांगितले जात नाही, आणि माझा आक्षेप नेमका त्याला आहे.

इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ मध्ये ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला. अपडेटमुळे जुन्या फोनांची कामगिरी खालावली, ग्राहकांना पुरेशी माहिती दिली गेली नाही आणि फोन पूर्ववत करण्याचा मार्गही ठेवला गेला नाही, असा ठपका त्यात होता. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोबाइलचाही समावेश केला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती व हमी यांची चर्चा तेथे होते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण फोनचा पडदा बदलून मिळण्याइतकेच त्याची प्रणाली पूर्ववत करून मिळणेही ग्राहकाच्या गरजेचे आहे.

म्हणून मंत्रालयाने कंपन्यांना तीन गोष्टी बंधनकारक कराव्यात, अशी माझी विनंती आहे. परतीचा मार्ग बंद करणाऱ्या अपडेटपूर्वी तसे मराठीसह ग्राहकाच्या भाषेत स्पष्ट सांगावे. सुरक्षेला बाध येत नसेल तेथे आधीच्या आवृत्तीची अधिकृत फाइल निदान काही महिने उपलब्ध ठेवावी. आणि बूटलोडर उघडता येतो की नाही, उघडल्यास हमीचे काय होते, हे फोनच्या खोक्यावरच छापावे.

आपला नम्र,
एक मोबाइल दुरुस्ती व्यावसायिक, कराड